'पॅरडाइज लॉस्ट' आणि 'ख्रिस्तपुराण' : धर्मकाव्यातील नीतिबोधाचे दोन मार्ग

महाविद्यालयांत मिल्टन इंग्रजी विभागाच्या वाट्याला येतो आणि फादर स्टीफन्स मराठी विभागाच्या. दोघेही इंग्रज, आणि दोघांनीही मानवाच्या पतनाची व उद्धाराची बायबलमधील कथा महाकाव्याच्या विस्ताराने सांगितली. तरी त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) हा रोमला जाऊन जेझुइट झालेला कॅथलिक १५७९ मध्ये गोव्यात आला. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. प्युरिटन मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' त्यानंतर ५१ वर्षांनी, १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोन काव्यांतील नीतिबोधाचा भेद केवळ पंथभेदाने उलगडत नाही. तो श्रोत्यांच्या भेदातून आला आहे. मिल्टनच्या वाचकाला कथा पाठ होती. त्याला हवे होते ते ईश्वरी न्यायाचे समर्थन. आणि १६६० मध्ये राजेशाही परतल्यानंतर पराभूत, अंध मिल्टनलाही तेच हवे होते. म्हणून त्याचे काव्य वाद घालते. सैतानाला तो भारदस्त वक्तृत्व देतो आणि आदमाला फसवणुकीचा आधारही ठेवत नाही : आदम फळ खातो ते जाणूनबुजून, ईव्हच्या प्रेमापोटी. पाप हे स्वतंत्र निवडीचे फळ आहे, हा विचार यापेक्षा कठोरपणे मांडणे अवघड.

नवव्या सर्गात पतनानंतर ही दोघे लज्जारक्षणासाठी ज्या झाडाकडे वळतात, ते मलबार व दख्खन येथील पारंब्यांचे झाड असल्याचे मिल्टन सांगतो. त्याची पाने तो ढालीएवढी रुंद करतो. वड पाहिलेल्या वाचकाला येथे हसू येईल. परंतु सावित्रीचे व्रत आणि वटपत्रावरील बालमुकुंद ज्याच्या मनात आहेत, त्या वाचकासाठी या प्रसंगाचा अर्थही पालटतो. जे झाड त्याला श्रद्धेचे, तेच मिल्टनकडे लज्जेचा आडोसा होते.

स्टीफन्सने हा परकेपणा टाळला. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, रचनेसाठी ओवी घेतो आणि कथेची मांडणी श्रोत्यांचे प्रश्न व पाद्रीची उत्तरे अशी करतो. येथे नीती तर्काने सिद्ध होत नाही, श्रवणाने रुजते. मात्र त्याच्या मराठीप्रेमाचे गोडवे गाताना अभ्यासक एक गोष्ट सहसा बाजूला ठेवतात. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. नवख्रिस्तींना त्यांची जुनी पुराणे वर्ज्य होती. नवे पुराण ज्या पोकळीत आले, ती पोकळी स्टीफन्सच्याच धर्मसत्तेने निर्माण केली होती. त्याच्या काव्यातील वात्सल्य खरे आहे. पण त्याच्या श्रोत्याला मिल्टनच्या वाचकाप्रमाणे वाद घालण्याची मुभा नव्हती.

तरीही या काव्याला केवळ प्रचार म्हणून निकालात काढता येत नाही. १६५४ पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच फर्मान काढले. तरी ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. १९०७ मध्ये जोसेफ साल्डाना यांनी मंगळूर येथे हे पुराण पुन्हा छापले, ते अशाच हस्तलिखितांच्या आधारे.