वेदना : मूल्य की हक्क?

दलित साहित्याची चर्चा निघाली की वेदना, नकार आणि विद्रोह हे शब्द ठरल्यासारखे येतात. मीही ते वर्गात शिकवतो आणि विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. यातल्या पहिल्या शब्दाविषयी मला आक्षेप नोंदवायचा आहे. आपल्या समीक्षेने वेदनेला साहित्यमूल्य केले आणि त्या भरात शरीराचे दुखणे रूपकात जमा केले. आत्मकथनातली आई कण्हते तेव्हा आपण व्यवस्थेचा अन्याय वाचतो. ते बरोबरच आहे. पण त्या बाईला औषध का मिळाले नाही, हे कोणी विचारीत नाही. उलट तिच्या सोसण्याचाच आपण गौरव करतो.

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही. माझ्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. अखेरचे काही महिने ती रात्र रात्र गुडघे पोटाशी घेऊन बसे. सरकारी दवाखान्यातून पॅरासिटामॉलच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टर म्हणाले, "या आजारात एवढे दुखणारच." शेजारीण म्हणाली, "भोग हायेत बाई, भोगल्याबिगर सुटका न्हाई." एक शिकलेला, एक अडाणी, पण दोघांनी सांगितले एकच. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. आमच्या उशाशी तो अजून बसलेला आहे.

वस्तुस्थिती काय आहे? कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली औषधांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. ते अफूपासून होते, आणि अफूची कायदेशीर शेती आपल्याच मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात होते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने कडक शिक्षा आणि परवान्यांचे जंजाळ उभे केले. दवाखान्यांनी आणि औषध दुकानदारांनी भीतीपोटी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा सुधारला, अनेक परवान्यांऐवजी एका मान्यतेची सोय झाली. तरीही २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशेबाने भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोचत होते. अमेरिकेत अशा गोळ्या बेसुमार वाटल्याने माणसे मेली, हे खरे आहे. त्यावर उपाय देखरेख हा आहे, वंचना नव्हे. केरळात १९९३ पासून कोझिकोडच्या डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी घरोघर वेदनाशमन पोचवले. २००८ साली तिथल्या सरकारने त्याचे धोरण केले. म्हणजे हे अशक्य नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना नमूद केले की, माणूस दुखते म्हणून सांगतो त्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे. हे वाचून मी थबकलो. दलित आत्मकथनांचे भांडण याहून वेगळे कुठे होते? प्रस्थापित समीक्षा आम्हाला विचारी, हे खरे कशावरून? दवाखान्यातही आमच्या माणसाला तेच विचारतात, एवढे दुखते कशावरून? कष्टकरी माणूस काटक असतो, त्याला सोसते, असे गृहीतच धरले जाते. सोसणाऱ्या आईचे पुतळे उभारून आपण या समजुतीला हातभार लावला, हे कबूल केले पाहिजे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित केली. जीवनच दुःख असेल तर धम्म निराशेचा होईल, ही त्यांची हरकत होती. त्यांच्या दृष्टीने दुःख ओळखायचे ते दूर करण्यासाठी. आपल्या समीक्षेने हे दुसरे पाऊल टाकलेले नाही.

म्हणून वेदना हा शब्द यापुढे हक्काच्या भाषेत वाचला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारावे : येथे मॉर्फिन आहे काय? नसेल तर मान्यतेसाठी अर्ज केला आहे काय? उत्तर लेखी मागावे. माझ्या आईसाठी मी हे विचारले नाही, कारण विचारता येते हेच मला ठाऊक नव्हते.