तानसाच्या रानात बर्फाचा सिद्धान्त

‘करमणुकीच्या जागेवरून होणारी भांडणं’ या विषयाचा अभ्यास सुरू केला की पहिल्याच आठवड्यात बर्फ लागतो. एकीकडे पायाला लांब पट्ट्या बांधून जंगलातून शांतपणे सरकणारे स्कीवाले. दुसरीकडे स्नोमोबाइलवाले. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकलच समजा, पुढे दोन पाट्या आणि मागे पट्टा. जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. मग ती वाटून कशी घ्यायची? या एका प्रश्नावर पन्नास वर्षं लिहिलं जातंय, आणि त्यातून निघालेला सिद्धान्त आता जगभर लावला जातो.

शहापूर-मुरबाडात बर्फ पडत नाही. पण रविवारी तानसाकडे किंवा माहुलीच्या पायथ्याला जाऊन बघा. बाइकचे ताफे, दारं उघडी टाकून गाणी लावलेल्या गाड्या, पाठीवर सॅक घेतलेले ट्रेकर, गळ्यात दुर्बीण अडकवलेले पक्षीवाले. हौशे, नवशे, गवशे सगळे हजर. त्यामुळे तो सिद्धान्त इथे आणायचा मोह होतो. तो आणला तर काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे या पोस्टमध्ये बघूया.

सिद्धान्त नेमका काय म्हणतो?

१९५९ मध्ये कॅनडातल्या बोम्बार्डिए कंपनीने ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत उत्तर अमेरिकेतल्या जंगलांचा हिवाळा बदलून गेला. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आदेश क्रमांक ११६४४ काढला. सरकारी जमिनीवर रस्ता सोडून चालणारी वाहनं कुठे जाऊ द्यायची आणि कुठे नाही हे ठरवा. ठरवताना माती, झाडझाडोरा आणि प्राण्यांचं नुकसान कमीत कमी होईल असं बघा. आणि इतर हौशी लोकांशी होणारा संघर्षही कमीत कमी ठेवा. शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा. ‘संघर्ष’ हा शब्द सरकारी कागदावर आला, म्हणजे तो मोजायला माणसंही लागली.

१९७३ मध्ये नॉप आणि टायगर यांचा स्नोमोबाइल विरुद्ध स्की असा निबंध आला. १९८० मध्ये जेकब आणि श्रायर यांनी त्या सगळ्याला सैद्धान्तिक रूप दिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. गर्दी म्हणजे संघर्ष नव्हे. मी ज्यासाठी इथे आलो, ते तुझ्या वागण्यामुळे मला मिळालं नाही आणि त्याचं कारण तू आहेस असं मला वाटलं, तर तो संघर्ष. दहा माणसं असतानाही तो होतो, हजार असतानाही होत नाही.

यात एक फार मोलाचा मुद्दा आहे, तो म्हणजे एकतर्फीपणा. स्कीवाल्याला स्नोमोबाइलचा त्रास होतो, उलट बाजूने तो जवळजवळ होत नाही. इंजिनवाला बापडा मनापासून सांगतो, ‘आमची काही तक्रार नाही, या ना तुम्हीपण!’ आणि तो खोटं बोलत नसतो. ज्याला शांतता हवी असते तो एकदा येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा दुसरीकडे जातो. म्हणून ‘इथे कोणाची तक्रार नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. तक्रार करणारा कधीच निघून गेलेला असतो.

इथपर्यंत मी या मंडळींच्या बाजूने आहे. अडचण पुढे सुरू होते.

पहिली अडचण: इथे सगळेच पाहुणे नाहीत

या सिद्धान्तात जंगलातला प्रत्येक माणूस बाहेरून आलेला असतो. त्याचं घर दुसरीकडे, पोट दुसरीकडे. जंगलात तो ‘अनुभव’ घ्यायला येतो. जेकब-श्रायर यांनी संघर्षाची जी चार कारणं सांगितली, म्हणजे छंद करण्याची पद्धत, जागेशी जडलेलं नातं, निसर्ग अनुभवण्याची रीत आणि इतरांची जीवनशैली सहन करण्याची तयारी, ती चारही पाहुण्यांची आहेत.

तानसा अभयारण्य सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं. मधोमध १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा तलाव. भोवती वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांचे पाडे. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे मोहाखाली वाकलेली बाई ‘नॉन-मोटराइज्ड युजर’ आहे का? तक्त्यात बसवायचं तर हो, ती पायी आहे. पण ट्रेकरबरोबर एका रकान्यात तिला टाकलं की रकान्याला अर्थच राहत नाही. ट्रेकरचा बिघडतो तो रविवार. तिचं बिघडतं ते वर्षभराचं मीठ-मिरची.

दुसरी अडचण: इंजिन कोणाचं?

बर्फाच्या सिद्धान्तात इंजिन म्हणजे मौज आणि पाय म्हणजे साधेपणा, अशी सरळ विभागणी आहे. आपल्याकडे ती उलटी पडते. पाड्यावरची जुनी मोटारसायकल दूध नेते, दहावीच्या पोरांना परीक्षेच्या केंद्रावर सोडते, रात्री बाळंतीण दवाखान्यात पोचवते. आणि ‘आम्ही पायी जातो, निसर्ग जपतो’ म्हणणारा ट्रेकर पायथ्यापर्यंत स्वतःच्या गाडीनेच आलेला असतो. इंजिनावर सरसकट बंदी घातली तर त्याला दोन किलोमीटर चालावं लागेल, ते त्याला आवडेलही. पाड्याला मात्र ती बंदी रोज भोगावी लागेल.

इथे १९९५ चा वास्के आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवतो. कोलोरॅडोतल्या माउंट इव्हान्सवर, ज्यांनी शिकार प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती अशा लोकांनाही शिकारीबद्दल आक्षेप होता. म्हणजे काही संघर्ष प्रत्यक्ष त्रासाचे असतात आणि काही नुसते ‘असली माणसं इथे नकोत’ या भावनेचे. आपल्याकडच्या ‘बाइकवाल्यांनी वाट लावली’ या तक्रारीत दोन्ही मिसळलेलं असतं. आवाजाचा त्रास खरा असतो. पण त्यात ‘चाळीतली, वस्तीतली पोरं आमच्या सह्याद्रीत कशाला’ हाही सूर कधी कधी ऐकू येतो. संशोधकाने हे दोन धागे वेगळे केले नाहीत, तर आपलं काम म्हणजे एका वर्गाच्या नाराजीला आकडेवारीची इस्त्री.

तिसरी अडचण: प्रश्नावली कधी भरली?

हा मुद्दा पद्धतीचा आहे, पण सगळ्यात कळीचा वाटतो. अशा अभ्यासात बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी प्रवेशद्वारावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारतात. तानसाला ही पद्धत लावली तर? दिवाळीनंतर इथली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळा, म्हणजे पर्यटनाचा उत्तम हंगाम, हाच त्यांचा बाहेर असण्याचा काळ. नमुना कितीही मोठा घ्या, ती त्यात येणारच नाहीत. निघून गेलेला माणूस मोजणीत येत नाही हे सिद्धान्ताला ठाऊक आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे कंटाळून गेलेला स्कीवाला आहे, पोटासाठी गेलेला मजूर नाही.

मग रेघ कुठे ओढायची?

गंमत अशी की उत्तर बर्फाच्याच मुलखात आहे, फक्त सिद्धान्ताच्या पुस्तकात नाही. अलास्कासाठी १९८० मध्ये केलेल्या कायद्याचं कलम ८११ सांगतं, की उपजीविकेसाठी स्थानिक रहिवाशांना सरकारी जमिनीवर स्नोमोबाइल वापरता येईल, वाजवी नियमांच्या अधीन राहून. यंत्र तेच, आवाज तोच. फरक कशाचा? कोण चाललाय आणि कशासाठी, याचा.

आपल्या कायद्याची रचनाही तशीच आहे, हे आपण विसरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २७ अभयारण्यात प्रवेशावर बंधन घालतं, पण आत राहायची परवानगी असलेले, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले, सार्वजनिक महामार्गाने पार जाणारे यांना त्यातून वगळतं. कलम २८ मध्ये पर्यटन येतं, तेही परवान्याने. म्हणजे कायद्याच्या लेखी पर्यटन ही सवलत आहे, रहिवास हा हक्क आहे. त्यावर २००६ चा वनहक्क कायदा गौण वनउपजाचा हक्क देतो आणि जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देतो. रेघ ओढलेलीच आहे. आपण ती पुसून ‘मोटारवाले विरुद्ध पायवाले’ अशी नवी का ओढतोय?

व्यवहारात मात्र प्रशासनाला एकच माणूस दिसतो, ‘पर्यटक’. पावसाळ्यात बुडून मृत्यू होतात, मग मनाई आदेश निघतो. माहुलीचा पायथा, अशोक धबधबा, माळशेज अशा जागांची यादी, खोल पाण्यात उतरणं, मद्यपान, मोठ्या आवाजातलं संगीत या सगळ्यावर बंदी, आणि धबधब्याच्या परिसरात गाड्यांनाही. जीव वाचायला हवेत, त्यावर वाद नाही. पण त्या आदेशाने कणसं-भजी विकणाऱ्या बाईचा हंगामही बुडतो, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

मग गाड्यांना मोकळं रान द्यायचं का? अजिबात नाही. तानसातली माती बर्फासारखी वितळून सारखी होत नाही. जूनमध्ये पडलेली चाकोरी जुलैत ओघळ बनते. शिवाय इथे २०१४ मध्ये रानपिंगळा नोंदवला गेला. शंभराहून अधिक वर्षं नाहीसा समजला गेलेला आणि १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला हा पक्षी. घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा वावरतो आणि दिवसा हाका देतो. आपल्या सहलीची वेळ आणि त्याच्या कामाची वेळ एकच. पाहुण्याचं इंजिन वेशीवर थांबावं, हे मला पूर्ण मान्य आहे.

कसं थांबवायचं, यासाठी बर्फाकडून एक गोष्ट उचलता येईल. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या २०१३ च्या नियमात एकेक वाहन नाही, तर ‘फेरी’ मोजली जाते. दिवसाला जास्तीत जास्त ११० फेऱ्या, त्यात स्नोमोबाइलच्या गटांच्या ५० पर्यंत. प्राण्याला वारंवार होणारा व्यत्यय महत्त्वाचा, हा त्यामागचा विचार. तानसाच्या वेशीवर पाहुण्यांच्या गाड्या थांबवून पाड्यांच्याच जीप ठरावीक फेऱ्यांनी आत सोडता येतील. फक्त फेऱ्या किती, कोणत्या महिन्यात नाहीत, पैसे कोणाकडे, हे ग्रामसभेत ठरावं आणि ती सभा वीटभट्टीवरची माणसं घरी असताना व्हावी.

हे भाबडं वाटत असेल तर माथेरान आठवा. २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. कागदावर आदर्श. पण त्या शांततेचं ओझं माणसाने ओढायच्या रिक्षावर होतं. ई-रिक्षा आल्या तेव्हा घोडेवाल्यांचा विरोध झाला. हातरिक्षा बंद करा असं सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२५ उजाडलं. इंजिन गेलं की प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांनी आधी हे बघावं, की इंजिनाच्या जागी कोणाचा खांदा लागला.

तर जेकब-श्रायर टाकून द्यायचे का? नाही. एकतर्फीपणाचा धडा मी माझ्या प्रबंधात ठेवणार आहे. पण माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न आता ‘तुम्ही कशाने आलात?’ असा नाहीये. तो आहे, ‘संध्याकाळी तुम्ही कुठे परत जाणार?’ काही जण सांगतील ठाणे, काही डोंबिवली. आणि काही म्हणतील, इथेच. हे शेवटचे लोक दोन पक्षांतला तिसरा पक्ष नाहीत. जागा वाटून घ्यायची बोलणी ज्यांच्या अंगणात चालली आहेत, ते हे लोक आहेत.