टाइम, तेंपु आणि दोन वेळा

‘टाइम’ या इंग्रजी शब्दाला पोर्तुगीजमध्ये एकच प्रतिशब्द नाही. सरणारा काळ तो ‘तेंपु’, घड्याळातली घटका ती ‘ओरा’ आणि आवृत्ती मोजायची तर ‘वेश’. हवामानालाही ‘तेंपु’च म्हणतात. शब्दकोश हे पर्याय स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडतो. कोणता कुठे, हे वाक्यच ठरवते.

हा भेद मराठी वाचकाला नवा नाही. आमच्या सेलू स्टेशनावर सहज ऐकू येते : ‘गाडीची वेळ झाली, पण अजून वेळ लागेल.’ पहिली वेळ स्त्रीलिंगी, म्हणजे नेमका क्षण. दुसरा पुल्लिंगी, म्हणजे अवधी. ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ गेली’ यांतले अंतर फक्त क्रियापद सांगते. गंमत अशी, की पोर्तुगीजमध्येही ‘तेंपु’ पुल्लिंगी आणि ‘ओरा’ स्त्रीलिंगी आहे. ‘वेश’ही स्त्रीलिंगीच, तिचे अनेकवचन नेमके आपल्या ‘तीन वेळा’च्या जागी बसते. दोन्ही भाषांचा संबंध दूरचा, म्हणून हा योगायोगच मानावा. पण अनुवादकाच्या तो कामाचा आहे.

माझा आक्षेप इथेच आहे. पोर्तुगीज साहित्य आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या पुलावरून येते. मुळात वेगळे असलेले तीन शब्द त्या पुलावर ‘टाइम’मध्ये मिसळतात आणि मराठी अनुवादक ते पुन्हा अंदाजाने सुटे करतो. कधी शब्दच गळतो. जुझे सारामागु यांच्या १९९५च्या कादंबरीच्या मूळ नावात ‘निबंध’ हा शब्द आहे. इंग्रजीत उरले ते ‘ब्लाइंडनेस’. इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याला तो निबंध दिसणार कसा?

चारशे वर्षांपूर्वी हा पूल लागला नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९मध्ये ते गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले ते मराठी ओवीत, आणि १६४०मध्ये रायतूरला छापलेले त्यांचे कोंकणी व्याकरण पोर्तुगीजमध्ये आहे. मातृभाषा इंग्रजी असूनही त्यांनी या दोन्ही कामांत तिला मध्यस्थ केले नाही.

प्रत्येक अनुवादकाने पोर्तुगीज शिकावे, असे मी म्हणत नाही. पण इंग्रजी प्रतीत ‘टाइम’ आला, की मूळ पोर्तुगीज प्रत उघडून तेवढी ओळ पाहावी. तिथे ‘ओरा’ असेल आणि आपण ‘वेळ गेला’ लिहिले, तर पात्राची हुकलेली घटका नुसता सरलेला काळ होऊन बसते.