फ्रेडी मर्क्युरी : न सांगणं आणि नाकारणं

फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "अहो, तो आपल्या पाचगणीचा!" आठव्या वर्षी झांजीबारहून आलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा तिथं सेंट पीटर्समध्ये शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. ‘फ्रेडी’ हे नाव तिथंच पडलं. ‘मर्क्युरी’ मात्र त्यानं पुढं लंडनात, १९७०च्या सुमारास ‘क्वीन’ उभा राहताना, स्वतः घेतलं.

म्हणून त्यानं मूळ लपवलं, असा आक्षेप घेतात. आम्हांला तो पटत नाही. मुलाखतींत तो बालपणाबद्दल फारसं बोलला नाही, खरंय. पण न सांगणं आणि नाकारणं यांत फरक करायला नको का? १९८५ साली वेम्बलीचं अख्खं स्टेडियम त्याच्या आवाजामागं गात होतं, तेव्हा जन्मदाखला कुणी मागितला?

एड्सपाशी मात्र आम्ही अडखळतो. त्यानं ते जाहीर केलं २३ नोव्हेंबर १९९१ला, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. आधी बोलला असता, तर त्या भीतीच्या काळात कितीकांना धीर आला असता. पण मरणाऱ्या माणसाकडं हे मागायचा हक्क आम्हांला कुणी दिला?

अंत्यविधी लंडनातच झाला, जरथुश्ती प्रार्थनांनी.