दोन क्रियापदांचा भार : वैद्यकीय शिफारशींची भाषा

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे वैद्यकसंशोधक गॉर्डन गायट यांनी १९९१ साली ‘पुराव्याधिष्ठित वैद्यक’ ही संज्ञा मांडली. चिकित्सेच्या मार्गदर्शक सूचना सिद्ध करण्यासाठी २००० पासून विकसित झालेल्या ‘ग्रेड’ पद्धतीचेही ते एक प्रमुख शिल्पकार होत. ही पद्धत दोन प्रश्न वेगळे ठेवते. पुरावा कितपत खात्रीचा, याच्या चार श्रेणी. शिफारस किती ठाम, याच्या दोन : सबल व दुर्बल. प्राणसंकटात पुरावा अपुरा असूनही शिफारस सबल असू शकते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा तर्क व कर्तव्य यांतील भेद होय, आणि तो स्पष्ट करणे हेच या कार्याचे खरे श्रेय. श्रेणी दर्शविण्यास अंक व चिन्हेही योजितात. तथापि वाक्यात सारा भार दोन क्रियापदांवर पडतो. सबल शिफारशीस ‘आम्ही शिफारस करतो’, दुर्बल शिफारशीस ‘आम्ही सुचवितो’. हा केवळ संकेत आहे. तो न जाणणाऱ्यास दोन्ही सारखेच.

मराठीत अडचण अधिकच वाढते. आपला विध्यर्थ दोन्ही कामे करतो : ‘औषध द्यावे’ येथे कर्तव्य, ‘हा हिवताप असावा’ येथे तर्क. शिवाय डॉक्टरांनी ‘सुचविलेले’ रुग्ण बहुधा आज्ञाच मानतो. दुर्बल शिफारशीचा अर्थ मात्र असा की, सर्व माहिती मिळाल्यावर बहुतेक रुग्ण तो उपचार स्वीकारतील, तरी अनेक नाकारतील. हा अर्थ हरवला की रुग्णाचा निर्णयातील वाटाही हरवतो. म्हणून अशा ठिकाणी क्रियापदावर न विसंबता ‘रुग्णाची इच्छा विचारून ठरवावे’ असे पूर्ण वाक्यच लिहिणे इष्ट होय.