बोरोबुदुरची छायाचित्रे : शिखर आणि पाया

जगातील प्राचीन मंदिरे, स्तूप व स्मारके यांची प्रवासी छायाचित्रे आज घरोघरी पोहोचली आहेत. दिनदर्शिकांवर, प्रवासग्रंथांत आणि आता हातातील मोबाइलवरही ती दिसतात. ती सुंदर असतात याविषयी वाद नाही. प्रश्न असा की, ती त्या स्थळाविषयी काय सांगतात आणि काय सांगावयाचे टाळतात? जावा बेटावरील बोरोबुदुर या महास्तूपाच्या छायाचित्रांवरून या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

बोरोबुदुर म्हटले की एकच चित्र डोळ्यांसमोर येते. सूर्योदयाची वेळ, खाली धुके, जाळीदार स्तूपांची रांग आणि दूरवर मेरापी ज्वालामुखी. हे दृश्य अगदी वरच्या तीन वर्तुळाकार गच्च्यांवरून टिपलेले असते. तेथे ७२ जाळीदार स्तूप आहेत. पण कथाशिल्प एकही नाही. शैलेंद्र राजवटीतील, आठव्या-नवव्या शतकांतील शिल्पकारांनी जे सांगावयाचे ते खालच्या सज्जांच्या भिंतींवर कोरले. एकूण १,४६० कथापट. त्यांपैकी १२० पटांत ललितविस्तरानुसार भगवान बुद्धांचे चरित्र आहे. ४६० पटांत कल्याणमित्रांच्या शोधात निघालेल्या सुधनाची यात्रा आहे. हे पट वाचावयाचे तर प्रदक्षिणा घालीत सावकाश चालावे लागते. कॅमेरा मात्र जिन्याने थेट शिखर गाठतो. येथील ५०४ बुद्धमूर्तींपैकी तीनशेहून अधिक भग्न आहेत, त्यांतील बहुतेक शीर्षहीन. हेही त्या सोनेरी चौकटीत सहसा येत नाही. प्रवासी छायाचित्रकार प्रवचन संपल्यावर विहारात येतो आणि रिकाम्या सभागृहाच्या शांततेची प्रशंसा करतो, असेच म्हणावे लागेल.

या चित्रांच्या शेजारी आम्ही दुसरी चित्रे ठेवू इच्छितो. १८८५ साली आयझरमन या डच अभियंत्यास स्तूपाच्या रुंद दगडी पायथ्यामागे आणखी एक कोरीव पाया दडलेला आढळला. १८९०-९१ मध्ये झाकणारे दगड टप्प्याटप्प्याने काढण्यात आले आणि तेथील १६० पटांची छायाचित्रे घेऊन ते दगड पुन्हा बसविण्यात आले. हे काम करणारे कासियन सेफास हे योग्यकर्त्याच्या दरबाराचे छायाचित्रकार, स्वतः जावाचे भूमिपुत्र. त्यांच्या चित्रांत सूर्योदय नाही, धुके नाही. समोर ठेवलेला दगड आणि त्यावरील माणसे आहेत. आज आग्नेय कोपऱ्यातील मोजके पट उघडे आहेत. उरलेला संपूर्ण पाया जगाला दिसतो तो केवळ सेफास यांच्या छायाचित्रांतून.

या पटांत आहे तरी काय? सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्यांचा संबंध महाकर्मविभंग या ग्रंथाशी जोडून दाखविला. येथे राजवैभवाबरोबर सामान्य जनही आहेत. मासे आणि कासवे शिजविणारे आहेत, दान देणारे व घेणारे आहेत. कर्म आणि त्याचे फळ हा विषय. एका पटावर विद्रूप चेहऱ्यांची माणसे असून वर ‘विरूप’ असा शब्द कोरला आहे. येथे आम्हांस थांबावे लागते. रूप-कुरूपता, दारिद्र्य-संपत्ती, उच्च-नीच कुळातील जन्म ही सारी पूर्वकर्माची फळे होत, असे ही ग्रंथपरंपरा सांगते. ज्यांच्या पूर्वजांना ‘हे तुमच्या मागील जन्माचे फळ’ असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांनी या पटासमोर केवळ हात जोडून उभे राहावे काय? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बुद्धाचा मानण्यास नकार दिला. दीनदुबळ्यांच्या दुरवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

म्हणूनच सेफास यांची चित्रे आम्ही श्रेष्ठ मानतो. ती आमच्या मताला अनुकूल आहेत म्हणून नव्हे. ती मतभेदाला जागा देतात म्हणून. सूर्योदयाच्या चित्राशी वाद घालता येत नाही, त्यापुढे फक्त मुग्ध होता येते. ‘विरूप’ पटाच्या चित्राला मात्र प्रश्न विचारता येतो. सेफास यांच्या कामालाही मर्यादा आहेत. तो वसाहतकालीन विद्वानांसाठी केलेला दस्तऐवज आहे आणि त्यात प्रत्येक पट शेजारच्या पटापासून तुटलेला दिसतो. पण पाहणाऱ्याच्या बुद्धीचा तो अवमान करीत नाही.

अलीकडे वर चढणाऱ्यांची संख्या मर्यादित करण्यात आली असून दगडाची झीज टाळण्यासाठी त्यांना ‘उपानत’ नावाच्या विणलेल्या चपला दिल्या जातात. या चपलेचा घाट कर्मविभंगाच्याच एका पटावरून घेतलेला आहे. पायथ्याचे शिल्प असे प्रवाशाच्या पायांत आले. त्याच्या नजरेत मात्र अद्याप आलेले नाही.

आमचे बांधवही आता सांची, अजिंठा, बुद्धगया आणि परदेशांतील बौद्ध स्थळांची यात्रा करून छायाचित्रे आणतात. त्यांना आमचे सांगणे इतकेच : शिखराचे चित्र अवश्य घ्या, पण पायथ्याशी एक तास चाला आणि ज्या शिल्पाशी तुमचे मन सहमत होत नाही, त्याचेही एक चित्र घेऊन या. येऊन पाहा, असे तथागतांनी म्हटले. पाहणे म्हणजे परीक्षण करणेही होय.