पीटर टॉशचे भाषण

किंग्स्टनच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर २२ एप्रिल १९७८ च्या रात्री 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' झाला. त्याचे एकच चित्र जगाने जपून ठेविले आहे. बॉब मार्ली गाता गाता पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सियागा यांस व्यासपीठावर बोलावितो व दोघांचे हात एकत्र करून आपल्या डोक्यावर उंच धरतो. चित्र देखणे आहे, यात शंका नाही. परंतु त्याच रात्री, मार्लीच्या आधी, 'वेलर्स' मंडळीतील त्याचा जुना साथीदार पीटर टॉश याने दोन गाण्यांच्या मधल्या जागेत एक लांबलचक भाषण केले. त्याचे ध्वनिमुद्रण २००० साली प्रसिद्ध झाले. ते आम्ही नुकतेच पुन्हा लक्षपूर्वक ऐकले, आणि त्या रात्रीची खरी कलाकृती कोणती याविषयीचे आमचे मत पालटले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. जमैकाच्या राजधानीतील दरिद्री वस्त्या त्या काळी दोन पक्षांत वाटल्या गेल्या होत्या आणि गल्लीतल्या पोरांच्या हाती बंदुका आल्या होत्या. १९७४ साली सरकारने खास 'गन कोर्ट' उभारले. त्यातील अनिश्चित मुदतीच्या कैदेची तरतूद प्रिव्ही कौन्सिलने १९७५ मध्ये 'हिंड्स' खटल्यात घटनाबाह्य ठरविली. आमच्या व्यवसायबंधूंस तो निवाडा ठाऊक असेल. ५ जानेवारी १९७८ रोजी ग्रीन बे येथे सैनिकांनी पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांतच क्लॉडी मॅसप व बकी मार्शल या परस्परविरोधी टोळ्यांच्या म्होरक्यांनी तह केला, आणि त्या तहाच्या बळकटीसाठी हा मेळावा भरला. सुमारे ३२ हजार श्रोते होते. पुढे राज्यकर्ते, मागे त्याच वस्त्यांतील तरुण.

आमच्या वाचकांस भाषणाची जात ओळखणे अवघड जाऊ नये. देवळाच्या सभामंडपात बुवा पद थांबवून निरूपणास लागतात आणि निरूपणाचा धागा हाती ठेवूनच पुढल्या पदाकडे वळतात. टॉशही तेच करतो. फरक एवढाच की येथे निरूपणाचा विषय समोरच बसलेला आहे. तो मंत्र्यांकडे पाहून बोलतो आणि ऐकतात तरुण. शांतता या शब्दाचीच तो थट्टा करतो. आपणांस हवा आहे तो न्याय व समान हक्क, असे म्हणतो. 'ईक्वल राइट्स' ही त्याची ध्वनिमुद्रिका आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, निघाली होती.

भाषणाचा सर्वोत्तम भाग चाच्यांविषयीचा आहे. कोलंबस, ड्रेक, हेन्री मॉर्गन हे लुटारू. त्यांना शाळेच्या वाचनमालेत बसवून मुलांपुढे आदर्श म्हणून ठेविले. मग पोरे मॉर्गनप्रमाणेच बंदूक झाडू लागली तर नवल कसले, असा त्याचा सवाल आहे. मॉर्गनला १६७४ साली 'सर' ही पदवी मिळाली आणि पुढे तो त्याच बेटाचा उपराज्यपाल झाला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या युक्तिवादाचे वजन कळते. न्यायालयात उभे राहणाऱ्या आम्हां मंडळींस असा सरळ, तीन पायऱ्यांचा कार्यकारणभाव क्वचितच साधतो. (वास्को द गामाच्या नावाचे शहर आजही ज्यांच्या शेजारी आहे त्या गोमंतकीयांस तर येथे हसूही येईल आणि ते गळ्यात अडकेलही.)

भाषा न्यायालयाची इंग्रजी नव्हे, घरची जमैकन बोली. घरची बोली आणि सभेची भाषा वेगळी असण्याचे दुःख ज्यांना माहीत आहे त्यांना पंतप्रधानांच्या तोंडावर त्या बोलीत बोलण्यातले धैर्य सांगावयास नको. शिवाय टॉश शब्द फोडतो. आपल्याकडे यास्कापासून शब्दाच्या पोटात अर्थ शोधण्याची रीत आहे. त्याच्या रास्ताफारी पंथातही तशी एक आहे. जुलूम करणे म्हणजे 'ऑप्रेस'. कानाला त्यात 'अप', म्हणजे वर, ऐकू येते. जो दडपतो तो वर कसा नेईल? म्हणून ते 'डाउनप्रेस' म्हणतात. 'सिस्टिम' या शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी टॉश जे बसवितो ते मात्र या पानावर छापण्याजोगे नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. भाषण पाल्हाळिक आहे आणि मध्येच विषय सोडून भरकटते. त्याहून मोठा दोष असा की, ज्याच्या हातात बंदूक आहे त्या पोराला मॉर्गनचे उदाहरण कारणही पुरविते आणि सबबही. आमच्या अशिलांपैकी पुष्कळांना अशी सबब फार आवडते. ती त्यांच्या हातून काढून घेणारे एक वाक्य टॉशने बोलावयास हवे होते. ते तो बोलत नाही.

गांजावरची बंदी उठवा, हीही त्याची मागणी होती. जमैकाच्या कायद्यात या वनस्पतीला 'गांजा' असेच नाव आहे. १८४५ पासून भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांबरोबर वनस्पती गेली आणि शब्दही गेला. १९१३ साली तेथे बंदी आली. मंत्र्यांसमोर टॉशने व्यासपीठावरच चिलीम नव्हे, विडी शिलगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलिसांनी त्याला धरले आणि हाडे मोडेपर्यंत मारले. २०१५ मध्ये कायदा सुधारला: दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणे हा तुरुंगाचा अपराध राहिला नाही, आणि रास्ताफारींस उपासनेसाठी मुभा मिळाली.

त्या देखण्या चित्राचे काय झाले? मॅसप फेब्रुवारी १९७९ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, मार्शल १९८० साली न्यूयॉर्कमध्ये मारला गेला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीच्या धुमाळीत सुमारे आठशे माणसे मेली. टॉशही ११ सप्टेंबर १९८७ रोजी स्वतःच्या घरी मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडला. जमैका सरकारने २०१२ साली त्याला मरणोत्तर 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिले. त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका ज्यांना मिळेल त्यांनी भाषण आधी ऐकावे. गाणी मागाहून ऐकली तरी चालतील.